प्रतीचा ताळा

सोळाव्या-सतराव्या शतकांत लिस्बन आणि गोवा यांच्यामध्ये जो सरकारी पत्रव्यवहार चाले, त्यात एक रीत कटाक्षाने पाळली जाई. महत्त्वाचे पत्र एकाच जहाजाच्या भरवशावर सोडीत नसत. त्याच्या दोन-तीन प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांतून रवाना करीत आणि प्रत्येक प्रतीवर ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ अशा अर्थाची नोंद असे. एक जहाज बुडाले, दुसरे शत्रूच्या हाती लागले, तरी तिसरे पोहोचेल, हा त्यामागचा हिशेब. महिनेन् महिने समुद्रावर काढणाऱ्या कागदाच्या बाबतीत ही सावधगिरी अगदी योग्य होती.

परंतु ज्या गोव्यात ही रीत होती, तेथील दफ्तराच्या पहिल्या रखवालदारालाच प्रतीच्या अभावी काय सोसावे लागले, ते पाहण्यासारखे आहे. दियोगो दो कोउतो या इतिहासकाराची १५९५ मध्ये त्या दफ्तरावर नेमणूक झाली. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राजवटीचा इतिहास तो ‘दशक’ या नावाने खंडाखंडाने लिहीत होता. सातव्या दशकाचे हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज वाटेत शत्रूने पकडले आणि त्याला तो खंड पुन्हा सिद्ध करावा लागला. पुढे तो आजारी असताना आठव्या व नवव्या दशकांची हस्तलिखिते त्याच्या घरातून चोरीस गेली, तेव्हा वृद्धापकाळी मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्याने त्यांचा संक्षेप लिहून काढला. १६१६ मध्ये तो गोव्यातच मरण पावला.

कोउतोचे दुर्दैव मोठे खरे. पण आपले हस्तलिखित गेले, एवढे तरी त्याला निश्चितपणे कळले. पेटी रिकामी आहे हे डोळ्यांना दिसत होते. संगणकाच्या युगात प्रती करणे अतिशय सोपे झाले आणि हे दिसणे मात्र नाहीसे झाले. चुंबकीय फितीवर किंवा डिस्कवर काय उमटले आहे ते उघड्या डोळ्यांना वाचता येत नाही. फीत कपाटात आहे, तिच्यावर तारीख आहे, वहीत नोंद आहे आणि तरीही फितीवर काहीच नाही, असे घडू शकते. किंबहुना ते वारंवार घडले आहे. ‘प्रत आहे’ आणि ‘प्रत उपयोगी पडेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाणण्यास संगणकशास्त्राला बरीच वर्षे लागली आणि बरीच किंमत मोजावी लागली.

मराठी शाळांतून ज्यांनी जुन्या पद्धतीचे अंकगणित केले आहे, त्यांना ‘ताळा’ हा शब्द चांगला परिचयाचा असेल. गुणाकार संपला की उत्तराच्या अंकांची बेरीज करून नऊचा ताळा पाहावयाचा. तो जुळला तर उत्तर बरोबर मानावयाचे. ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे दहाव्या शतकातील दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त ती आढळते. तिचे सामर्थ्य असे की, सारा गुणाकार पुन्हा न करता चूक पकडता येते. आणि तिचे वैगुण्य असे की, काही चुका तिच्या जाळ्यातून निसटतात. ५४ च्या ठिकाणी ४५ लिहिले गेले तर नऊचा ताळा निमूटपणे जुळतो. म्हणजे ताळा चुकला तर उत्तर चुकले हे निश्चित; ताळा जुळला तर उत्तर बरोबरच आहे असे मात्र नाही. संगणकातील प्रत तपासण्याच्या साऱ्या पद्धतींना हे वाक्य जसेच्या तसे लागू पडते.

आरंभीची तपासणी माणसांकडून करविली जाई. छिद्रित पत्रांवर माहिती नोंदविण्याच्या काळात एका कारकुनाने पत्राला छिद्रे पाडली की ते पत्र दुसऱ्या कारकुनाकडे जाई. तो मूळ कागद पाहून तीच माहिती दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टंकित करी. हे यंत्र छिद्रे पाडीत नसे, पहिल्या छिद्रांशी नवे टंकन जुळते की नाही एवढेच पाही. म्हणजे प्रत्येक आकडा दोनदा लिहिला जाई. पद्धत खर्चिक, पण प्रामाणिक. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याने युनिव्हॅक हा संगणक घेतला, त्यातही हेच तत्त्व विजेच्या साहाय्याने राबविले होते. त्याची गणित करणारी मंडले दुहेरी होती. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर यंत्र थांबे.

फितीसाठी याहून स्वस्त युक्ती निघाली. १९५२ मध्ये आय.बी.एम. कंपनीने जी चुंबकीय फीत बाजारात आणली, तिच्यावर सात समांतर पट्टे होते. सहांवर माहिती आणि सातव्यावर ताळा. आडव्या ओळीतील एकांची संख्या ठरल्याप्रमाणे सम अथवा विषम आहे की नाही, एवढेच सातवा पट्टा सांगे. एक खूण बिघडली तर चूक तत्काळ कळे. दोन एकदम बिघडल्या तर कळत नसे. चौपन्न आणि पंचेचाळीस यांचीच ही गोष्ट.

याच्या पुढचे पाऊल रिचर्ड हॅमिंग यांनी टाकले. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत १९४७ च्या सुमारास ते एका रिले-संगणकावर काम करीत. शनिवार-रविवारी हे यंत्र राखणदाराविना चाले. मध्येच ताळा चुकला की ते चालू गणित सोडून देई आणि पुढचे हाती घेई. हॅमिंग सोमवारी येऊन पाहत, तो काम झालेलेच नसे. लागोपाठ दोन आठवडे असे झाल्यावर त्यांना चीड आली, आणि त्या चिडीतून एक प्रश्न उभा राहिला. चूक झाली एवढे जर यंत्राला समजते, तर ती कोठे झाली हे त्याला का समजू नये? ते समजले तर चूक दुरुस्त करणे हे क्षणाचे काम. कारण जेथे फक्त शून्य आणि एक हे दोनच अंक आहेत, तेथे चुकीचा अंक कोणता हे कळताच बरोबर अंक कोणता हेही कळते. १९५० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. चार अंकांच्या माहितीस तीन ताळ्यांची जोड देऊन सात अंकांचा समूह करावयाचा. हे तीन ताळे असे रचावयाचे की, त्यांपैकी कोणते चुकले यावरून बिघडलेल्या अंकाचा क्रमांकच हाती यावा. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ यांच्या योगे वेदपाठकांनी शब्दांची पुनरावृत्ती करून पाठ शुद्ध राखला, त्याची आठवण येथे कोणास होईल. साम्य आहे, पण ते ताणू नये. पाठकाच्या चुकीचे स्थान ओळखण्यास गुरू समोर बसलेला असे, आणि हॅमिंग यांना नेमका गुरूच्या अनुपस्थितीचा प्रश्न सोडवावयाचा होता.

१९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी, तर १९६१ मध्ये पीटरसन व ब्राउन यांनी अधिक बलवान ताळे दिले. पुढील साऱ्या डिस्का, फिती आणि संदेशवाहिन्या त्यांच्यावर उभ्या आहेत. तरीही चुका थांबल्या नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पंधरा लाखांहून अधिक डिस्कांवर ४१ महिने नजर ठेवण्यात आली होती. तेवढ्या अवधीत चार लाखांहून अधिक वेळा असे आढळले की, डिस्कने विनातक्रार जो मजकूर परत दिला त्याचा ताळा जुळत नाही. डिस्क स्वतः ‘सर्व ठीक’ असेच सांगत होती. वरच्या थरातील कार्यक्रमाने आपला वेगळा ताळा ठेवला होता म्हणून हे उघडकीस आले.

फितीच्या काळात आणखी दोन चांगल्या चाली रूढ झाल्या. पहिली अशी की, लिहिणाऱ्या टोकाच्या लगोलग वाचणारे टोक बसवून, उमटलेले अक्षर त्याच फेरीत वाचून पाहावयाचे. दुसरी फितींच्या पिढ्या राखण्याची. आजची फीत मुलगा, कालची बाप आणि परवाची आजोबा. मुलगा नापास झाला तर बापाकडे जावयाचे. या पद्धतीला इंग्रजीतही याच नात्यांचे नाव आहे. वाचणारे यंत्रच कालबाह्य झाले तर काय, ही शंकाही याच काळातली. १९६० च्या अमेरिकन जनगणनेच्या काही फिती १९७० च्या दशकात वाचणे कठीण झाले आणि त्यावरून ‘साऱ्या राष्ट्राची जनगणना हरवली’ अशी दंतकथा पसरली. वस्तुतः जवळजवळ सर्व नोंदी वेळीच नव्या फितींवर उतरविण्यात आल्या आणि जे गमावले ते अत्यल्प होते. दंतकथा अजून सांगितली जाते. तिने लोकांना सावध केले, म्हणून तिच्यावर फार रागावण्याचे कारण नाही.

येथवर जे सांगितले ते पदार्थाविषयी झाले: फीत, डिस्क, चुंबकीय खूण. परंतु प्रत करतो तो एक कार्यक्रम असतो, आणि कार्यक्रम माणसाने लिहिलेला असतो. फीत निर्दोष आहे, ताळे जुळत आहेत, पण ज्या कार्यक्रमाने मजकूर फितीवर नेला त्यानेच अर्धा मजकूर वाटेत सांडला असेल, तर ताळा त्या उरलेल्या अर्ध्या मजकुराचाच जुळणार. या शंकेची पद्धतशीर परीक्षा १९९१ मध्ये झाली. ती फारशा लोकांच्या स्मरणात नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल.

कॅलिफोर्नियातील एस.आर.आय. इंटरनॅशनल या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या एलिझाबेथ झ्विकी यांनी युनिक्स संगणकांवर प्रचारात असलेले प्रत करण्याचे कार्यक्रम घेतले: टार, सीपिओ, डंप इत्यादी. हे कार्यक्रम जगभरच्या विद्यापीठांतून आणि कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे रोज रात्री चालत होते. त्यांच्या विश्वासार्हतेबद्दल कोणी विचारले असते तर ‘ते तर चालतातच’ असे उत्तर मिळाले असते. झ्विकी यांनी त्यांच्यासाठी मुद्दाम वाईट चालीच्या फाइली तयार केल्या, आणि या परीक्षेला नावही ‘छळपरीक्षा’ असेच दिले.

छळाचे प्रकार मोठे बोधक होते. काही फाइलींच्या नावांत विचित्र चिन्हे घातलेली होती. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात जवळजवळ कोणतेही चिन्ह चालते, अगदी ओळ संपल्याची खूणसुद्धा. पण फाइलींची यादी एकेका ओळीने वाचणारा कार्यक्रम अशा नावाने फसतो आणि एका फाइलीच्या दोन फाइली समजतो. काही फाइली ‘सच्छिद्र’ होत्या. आरंभी थोडा मजकूर, शेवटी थोडा मजकूर आणि मध्ये प्रचंड पोकळी अशी फाइल कागदोपत्री मोठी दिसते, पण डिस्कवर जागा थोडीच घेते. प्रत करणाऱ्या कार्यक्रमाला ही पोकळी ओळखता आली नाही तर परत उतरविताना तो ती शून्यांनी भरून काढतो. मग जी फाइल मूळ डिस्कवर सहज मावत होती, ती त्याच डिस्कवर मावत नाही. जी वाचण्याची परवानगी नाही अशा फाइली होत्या. आणि सर्वांत कठीण प्रकार म्हणजे, प्रत होत असतानाच बदलणाऱ्या फाइली. कार्यक्रमाने यादी करताना जी फाइल पाहिली ती मजकूर घेण्यास जाईपर्यंत पुसली गेली, वाढली किंवा आखूड झाली, तर तो काय करतो? समजा, त्याने फितीवर आधी ‘पुढील फाइल दहा पानांची’ अशी नोंद केली आणि तेवढ्यात ती अकरा पानांची झाली. अकरावे पान त्याने तसेच पुढे लिहिले तर तेथून पुढची सारी फीत एका पानाने सरकते.

निकाल धक्कादायक होता. जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम कोठे ना कोठे साफ कोसळला. कार्यक्रमाच्या माहितीपुस्तकात ज्या मर्यादा छापल्या होत्या त्या आणि प्रत्यक्षातील मर्यादा यांचा मेळ नव्हता. अनेक यंत्रांवर डिस्कची प्रकृती तपासणारा कार्यक्रमच या फाइलींपुढे गारद झाला, आणि एका यंत्रावर तर मूळ नियंत्रक कार्यक्रम, ज्यावर सारा संगणक उभा असतो, तोच पडला. इतरांहून स्पष्टपणे सरस ठरला तो डंप. फाइलींची नावे विचारीत न बसता तो डिस्कच्या तळाशी जाऊन तेथील रचनाच थेट वाची. त्यामुळे बाकीच्यांना पडणारे पेच त्याला पडत नसत. १९९१ च्या शरद ऋतूत सान डिएगो येथील संगणकव्यवस्थापकांच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले आणि पुढे बरीच वर्षे ‘खात्रीची प्रत हवी असेल तर डंप वापरा’ हा सल्ला हस्तपुस्तिकांतून छापला जात होता.

याच डंपची पुढची हकीकत मोठी चटका लावणारी आहे. लिनक्स ही युनिक्सच्याच वळणाची प्रणाली १९९० च्या दशकात पसरली. तिच्या २.४ या आवृत्तीत, लिहिलेला मजकूर डिस्कवर नेण्यापूर्वी स्मरणात राखून ठेवण्याची व्यवस्था बदलली. फाइलीचा ताजा मजकूर स्मरणाच्या एका कप्प्यात राही आणि डिस्क थेट वाचणाऱ्याला दुसऱ्या कप्प्यातून मजकूर मिळे. या दोन कप्प्यांचा मेळ असेलच अशी शाश्वती राहिली नाही. डंप तर डिस्क थेट वाचणारा. म्हणजे ज्या गुणामुळे तो दहा वर्षांपूर्वी पहिला आला, तोच गुण चालत्या संगणकावर घातक ठरला. २००१ च्या एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनुस टोरवाल्ड्स यांनी, प्रतींसाठी डंपवर विसंबणे म्हणजे डोळे मिटून जुगार खेळणे होय, अशा आशयाचा इशारा कडक शब्दांत दिला. १९९१ ची परीक्षा खोटी नव्हती. ती ज्या जमिनीवर घेतली होती ती जमीन सरकली होती. झ्विकी यांनी २००३ मध्ये नवी परीक्षा घेतली, तेव्हा कार्यक्रम पुष्कळ सुधारलेले आढळले. पण ज्यांचा उल्लेख कोठेच नाही असे दोष अजूनही सर्रास सापडत होते.

एवढे झाल्यावर कोणासही वाटेल की, निदान मोठमोठ्या संस्थांनी आपापल्या प्रती पारखून घेतल्या असतील. पिक्सार या चित्रपटसंस्थेत १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी’चा दुसरा भाग तयार होत असताना चुकून दिलेल्या एका आज्ञेने चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. पडद्यावरील पात्रांचे अवयव एकेक करून नाहीसे होताना लोकांनी पाहिले आणि कोणीतरी यंत्राची वीज तोडली. सुमारे नव्वद टक्के चित्रपट गेला होता. प्रती होत्या, पण प्रती घेण्याची व्यवस्था कित्येक आठवडे बिघडलेली होती आणि तिच्यातून काही परत काढून पाहण्याचा उद्योग कोणी केला नव्हता. सुदैव असे की, गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची बरीच अलीकडची प्रत होती. तो संगणक मोटारीत ठेवून, रजयांत गुंडाळून, एखाद्या तान्ह्या मुलासारखा कार्यालयात आणण्यात आला.

याहून अधिक शिकविणारी घटना १९ वर्षांनंतरची. गिटलॅब ही कंपनी कार्यक्रमलेखकांचे काम आपल्या सर्व्हरांवर सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या मुख्य डेटाबेसवर उपद्रवी लोकांनी फार ताण आणला होता. त्यामुळे मुख्य सर्व्हरची क्षणोक्षणी नक्कल करणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला. नक्कल नव्याने सुरू करण्यासाठी दुय्यम सर्व्हरवरील जुना मजकूर पुसणे आवश्यक होते. दिवसभर काम करून थकलेल्या एका अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली, आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले की, आपण उभे आहोत ते मुख्य सर्व्हरवर. त्याने आज्ञा थांबविली तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार शिल्लक राहिले होते.

हात चुकणे हे मनुष्यमात्राचे आहे आणि त्यासाठीच राखीव प्रती असतात. कंपनीपाशी अशा पाच वाटा होत्या. आता एकेक वाट उघडून पाहिली जाऊ लागली. दुय्यम सर्व्हर आधीच रिकामा केलेला. रोज एकदा डेटाबेस उतरवून दूरच्या कोठारात ठेवण्याची व्यवस्था होती. ते कोठार उघडले तो त्यात काहीच नव्हते. कारण शोधता असे निघाले की, डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा आणि उतरविणारा कार्यक्रम मात्र ९.२ चा चालत होता. हा कार्यक्रम आवृत्ती जुळत नाही असे पाहून रोज माघार घेत होता. तो गप्पही नव्हता. प्रत्येक अपयशाची वर्दी तो ई-पत्राने पाठवीत होता. परंतु त्या पत्रांवर पाठविणाऱ्याची अधिकृत खूण नव्हती, म्हणून ती घेणाऱ्या सर्व्हरने बनावट समजून दारातूनच परत लाविली. पहारेकरी रोज ओरडत होता आणि त्याचा आवाज वाड्यात पोहोचू नये अशी व्यवस्था दुसऱ्या पहारेकऱ्याने केली होती! डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय इतर सर्व्हरांना होती, डेटाबेसच्या सर्व्हरांना ती लावलीच नव्हती. उरली एक वाट: चाचणीसाठी दिवसातून एकदा घेतली जाणारी छायाप्रत. तीही चोवीस तासांपूर्वीची असावयाची. पण त्या दिवशी संध्याकाळी एका वेगळ्याच कामासाठी ती हाताने पुन्हा घेतली गेली होती. ती सुमारे सहा तासांपूर्वीची निघाली. कंपनीचा डेटाबेस वाचला तो या योगायोगाने.

वाचला, पण लगेच नाही. ही छायाप्रत ज्या यंत्रावर होती, त्याच्या डिस्का स्वस्त प्रतीच्या आणि संथ होत्या. मजकूर तेथून मुख्य सर्व्हरवर आणता आणता सारे कामकाज पूर्ववत होण्यास जवळजवळ अठरा तास लागले. सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार अभिप्राय आणि सातशे नवे सभासद त्या सहा तासांबरोबर गेले. एका गोष्टीचे श्रेय मात्र कंपनीला दिले पाहिजे. दुरुस्तीचे काम तिने लोकांसमक्ष, थेट प्रक्षेपण करून केले आणि पाचही वाटांची हकीकत आडपडदा न ठेवता प्रसिद्ध केली. अशा घटना बहुधा चार भिंतींआड पुरल्या जातात. म्हणूनच त्यांची पुनरावृत्ती होते.

ही झाली प्रत निकामी ठरल्याची उदाहरणे. प्रत करणारा कार्यक्रमच मुळावर उठला, असेही एकदा घडले. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर राखीव प्रती घेणाऱ्या कार्यक्रमात दहा दिवसांहून जुन्या कामकाजाच्या नोंदी पुसून टाकण्याची एक निरुपद्रवी आज्ञा होती. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्र पुरविणाऱ्या कंपनीने हा कार्यक्रम सुधारला. सुधारणा चांगल्याच हेतूने होती. परंतु जुना कार्यक्रम चालू असतानाच त्याच्या जागी नवा ठेवला गेला. अशा प्रकारचा कार्यक्रम संगणक सबंध एकदम वाचीत नाही, थोडथोडा वाचीत पुढे जातो. म्हणून आरंभ जुन्याचा आणि शेवट नव्याचा असा विचित्र जोड झाला. कोणत्या कप्प्यातील जुने कागद पुसावयाचे ते ज्या नावाने सांगितले जाई, ते नाव नव्या भागाला कोणी सांगितलेलेच नव्हते. ते रिकामे राहिले. परिणामी पुसणारी आज्ञा नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइलींवर चालली. १४ ते १६ डिसेंबर या दोन दिवसांत सुमारे ७७ टेराबाइट मजकूर, म्हणजे तीन कोटी चाळीस लाखांच्या आसपास फाइली, गेल्या. चौदा संशोधनगटांना झळ लागली. त्यांपैकी चार गटांचा मजकूर प्रतींतूनही परत मिळाला नाही. पुरवठादार कंपनीने दोष पूर्णपणे आपल्याकडे घेतला.

या घटनांनंतर जाणत्या संस्थांत जी रीत पडत चालली आहे ती अशी. प्रत घेतली की तेवढ्यावर न थांबता ठरावीक दिवशी एक वेगळा, रिकामा सर्व्हर घ्यावयाचा आणि ती प्रत त्यावर खरोखर उतरवावयाची. उतरलेल्या डेटाबेसला काही नेहमीचे प्रश्न विचारावयाचे: कालची शेवटची नोंद सापडते का, नोंदींची संख्या मूळ संख्येशी जुळते का, फाइलींचे ताळे बरोबर येतात का. हे काम ज्याने प्रतीची व्यवस्था लावली त्याच्याऐवजी दुसऱ्याकडून करवून घेणे अधिक चांगले, कारण लिहून ठेवलेल्या सूचनांत काय गाळले आहे ते अनोळखी माणसालाच लवकर कळते. सर्व्हरवरील कोणत्याही कार्यक्रमाची आवृत्ती बदलली की ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता ही तालीम पुन्हा करावयाची. डंपची आणि गिटलॅबच्या ९.२ ची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला याचे कारण सांगावयास नको. अपयशाच्या वर्दीवरच विसंबून राहावयाचे नाही. यश आले की यशाची वर्दी आली पाहिजे, आणि ज्या दिवशी ती आली नाही त्या दिवशी चौकशी झाली पाहिजे.

आणि सर्वांत शेवटी, घड्याळ लावावयाचे. प्रत उतरावयास किती वेळ लागतो, हा आकडा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. कागदावर तो दोन तास असतो.